कॉफीच्या चोथ्याचा वास

घरात अळंबी लावायचं खूळ माझं, आईचं नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे आमचा सगळा मजला आईच्या नावाने नाकाला रुमाल लावून फिरत होता आणि ती बिचारी लसूण सोलत बसली होती.

मी खारघरला एका छोट्या फ्लॅटमध्ये राहते. बेलापूरला एका कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी करते. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे आता दमले, आणि उत्तरं देऊन मीही दमले. एकूणच मी दमलेली बाई आहे. सकाळी डबा भरताना दमलेली असते, संध्याकाळी चप्पल काढताना दमलेली असते आणि मधल्या वेळात दुसऱ्यांचे आकडे जुळवत बसते. घरी आल्यावर पंखा लावावा, पाय वर घ्यावेत आणि कुणी माझ्याशी एक अक्षर बोलू नये, एवढीच माझी चैन होती. आई राहायला आली आणि तीही संपली.

आई मोऱ्याची कोळीण. उरणजवळचा मोऱ्याचा धक्का, जिथून मुंबईला लाँच सुटते, त्याच्या मागेच आमचं घर. वडिलांची होडी होती, ती आता माझा धाकटा भाऊ चालवतो. होडीवरची मासळी आई उरणच्या बाजारात विकायची. तिथे तिची ठरलेली जागा होती. आत शिरल्यावर पहिल्या खांबाला टेकून. आजीच्या पश्चात ती आईकडे आली. बाजारातली जागा म्हणजे काय चीज असते ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ती कुठे लिहिलेली नसते, पण प्रत्येक बाईची जागा प्रत्येक बाईला पाठ असते. रोज येऊन बसलीस तर ती तुझी. बाळंतपण, आजारपण असलं तर शेजारणी राखतात. पण राखायलाही काही हद्द असते.

गुडघा दुखतो म्हणून आई माझ्याकडे आली. औषध झालं, शेक झाले, गुडघा बरा झाला. लिफ्ट बंद पडली की ती माझ्याआधी जिना चढून वर यायची. तरी मोऱ्याला जायचं नाव काढीना. भाऊ फोन करायचा, ‘आये, कवा येतंस?’ आणि ती म्हणायची, ‘बगू.’ एक मोसम गेला, दुसरा गेला. त्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या तेव्हा भावाने मला वेगळा फोन करून सांगितलं, की खांबाशेजारच्या बाईने आपल्या सुनेची पाटी हळूहळू आईच्या जागेवर सरकवायला घेतलीय. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतील. तेव्हा आपल्याकडचं कुणी जागेवर बसलं नाही तर जागा गेली म्हणून समज.

आई परत जागेवर बसणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्या पावसाळ्यात आमच्या घरात होता. आणि मला ती जायला हवी होती. यात माझा स्वार्थ होताच, उगाच सोवळेपणा कशाला! पण तेवढंच नव्हतं. जी बाई भर बाजारात दोन पाट्यांमागे बसून गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायची, ती माझ्या हॉलमध्ये दुपारभर भिंतीकडे बघत बसायची. शेजारच्यांना तिचं बोलणं कळायचं नाही आणि तिला त्यांचं पटायचं नाही. ती माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालली होती. मला ते बघवत नव्हतं आणि त्यावर काही करायला माझ्यात त्राणही नव्हतं.

म्हणून अळंबी. पनवेलला एका रविवारी एक बाई शिकवणार होत्या, ऑफिसातली एक मैत्रीण चालली होती, तिच्या मागे मी गेले. धिंगरी अळंबी. तिला माती लागत नाही, ऊन लागत नाही, भाताचा पेंढा आणि ओल लागते. आई घरात गुंतून राहील, तिचा वेळ जाईल, असा माझा हिशेब. आईने बियाणाची पिशवी बघितली आणि कपाळाला हात लावला.

‘पैशे दिऊन कुत्र्याच्या छत्र्या आनल्यास?’

पण पेंढा आणायला बेलपाड्याला निघाले तेव्हा मुकाट्याने बरोबर आली. खारघरचे टॉवर आजूबाजूला उभे राहिले तरी बेलपाड्यात एका घरी अजून म्हशी आहेत. त्या घरच्या बाईशी आई ओसरीवर बसून इतका वेळ बोलली की पेंढा बाजूलाच राहिला. दोघी एकाच बोलीत बोलत होत्या. तिला इतकं मोकळं बोलताना मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. मला उगाच भरून आलं.

स्वयंपाकघराला लागून आमची कपडे धुवायची छोटी बाल्कनी आहे. तिथे पिशव्या टांगल्या. पेंढा कापायचा, भिजवायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, पाणी पुरतं निथळू द्यायचं, मग पिशवीत पेंढ्याचा एक थर, बियाणाचा एक थर असं भरत जायचं आणि तोंड बांधून भोकं पाडायची. अंधारात ठेवलं की आत पांढरं जाळं धरतं. मग फवारा मारत राहायचं. आमच्या पहिल्या पिशव्यांनी बरेच दिवस वाट बघायला लावून मूठभर बारकी अळंबी दिली, ती भाजीत घातल्यावर सापडेनात. आई म्हणाली, ‘यांना कायतरी खायला घाल. उपाशी हायत.’

पनवेलच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पेंढ्यात थोडी कॉफी मिसळा, जोर येतो. आता आमच्या घरात कॉफी कधी प्यायलीच गेली नाही. लहानपणी ताप आला तर कुणीतरी करून द्यायचं, म्हणजे माझ्या लेखी ते औषध. मी दुकानातून डबी आणली आणि सांगितल्याप्रमाणे पेंढ्यात चमचे ओतले. ती भुकटी पाण्यात विरघळून मोरीतून वाहून गेली. मैत्रिणीला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पिऊन झाल्यावर गाळण्यात उरतो तो चोथा घालायचा असतो, बाई! आणि तोही बिनदुधाचा, नाहीतर नासतो.

आमच्या घराजवळ कॉलेजच्या मुलांनी भरलेलं एक कॉफीचं दुकान आहे. तिथे यंत्रातून निघालेला चोथा टाकूनच देतात. काउंटरवरची मुलगी आधी माझ्याकडे संशयाने बघायची, मग ओळखीची झाली आणि मी दिसले की खालून पिशवी काढून द्यायला लागली. संध्याकाळी ऑफिसातून येताना मी ती उचलायची. काळा, ओला, अजून कोमट चोथा. पर्समध्ये वास, ओढणीला वास, लिफ्टमध्ये वास. मला तो आवडायचा. दिवसभरात माझ्यासाठी कुणी काही करत नाही, पण हा वास आपला बरोबर येतो, असं काहीतरी वाटायचं.

घमेलंभर पेंढ्याला ओंजळभर चोथा, तोही पेंढ्याबरोबर उकळून, पिळून. जास्त झाला की हिरवी बुरशी धरते, अशी पनवेलच्या बाईंनी ताकीद दिली होती. पण खरा फरक पडला तो आईत. मी दारात आले की ती पहिल्यांदा पिशवी मागायची. गाठ सोडायची, तोंड पिशवीत घालायची आणि डोळे मिटून ओढून ओढून श्वास घ्यायची. मोगऱ्याची पुडी हुंगावी तशी. मग मान वर करायची, जरा थांबायची आणि पिशवी ओट्यावर ठेवून द्यायची.

‘आवडतो वास?’ मी विचारलं होतं.

‘बरा हाय,’ ती म्हणाली. ‘उद्या आन परत.’

मला बरं वाटलं. म्हातारपणी का होईना, बाईला एखादी शहरी चैन लागली. मी आणत राहिले. पण पिशव्यांना रोज थोडाच चोथा लागतो! डबे भरले, फ्रिजमध्ये जागा उरेना, कपड्यांच्या मशीनच्या मागे ठेवलेल्या चोथ्यावर हिरवी साय धरली. त्यातलाच आईने एका पिशवीत जास्तीचा कोंबला आणि ती पिशवी गेली. मी वैतागले. ‘इतका लागत नाही गं, कितींदा सांगू?’

‘तू आन,’ एवढंच ती म्हणाली, आणि ते विनवणीसारखं होतं. आई विनवणी करत नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी दमलेली होते आणि दमलेल्या माणसाला सगळं पुढच्या रविवारी बघायचं असतं.

तसं बरंच काही होतं खटकण्यासारखं. दूध करपून पातेलं काळंठिक्कर व्हायचं आणि आई शेजारीच उभी असायची. विचारलं की म्हणायची, ध्यान टीव्हीत होतं. सोसायटीच्या फाटकाशी मासळीवाली यायची. तिच्या पाटीतला मासा आई अंगठ्याने दाबून बघायची, कल्ला उघडून बघायची, आणि ती देईल ते घेऊन यायची. एरवी आईने कुणाची मासळी नावं न ठेवता घेतल्याचं मला आठवत नाही. मी मनात म्हटलं, वय झालं. वय हा फार सोयीचा खुलासा आहे, एकदा दिला की पुढे विचार करावा लागत नाही.

मग एकदाच्या पिशव्या फुलल्या. भोकाभोकांतून आधी टाचणीच्या डोक्याएवढे दाणे आले आणि बघता बघता करड्या पाकळ्यांचे घोसच्या घोस लोंबायला लागले. आई त्यांना दिवसभर फवारे मारायची. बेलपाड्याच्या बाईला तिने स्वतः जाऊन पानाखाली झाकून एक घोस दिला. भावाचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते.

‘आये, येतंस ना पुनवेला?’

‘मी आली तं माज्या पिशव्यांना पानी कोन मारील?’ आई म्हणाली.

माझा संतापच झाला. आजीपासून चालत आलेली जागा, आणि ही बाई ती प्लॅस्टिकच्या चार पिशव्यांपायी घालवायला निघाली! मी तिला तसं म्हटलंही. ती फवाऱ्याची बाटली घेऊन बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसात तपासणी चालू होती. मी घरी फक्त झोपायला येत होते. पिशव्यांकडे फिरकलेसुद्धा नाही. शनिवारी जरा लवकर सुटले. लिफ्टचं दार उघडलं आणि आलेल्या वासाने मी ओढणी नाकाला लावली. कुजलेल्या मासळीचा वास मला नवा नाही, त्यातच वाढले, पण हा त्याच्याही पलीकडचा होता. शेजारच्या काकू पदर नाकाला लावून दारात उभ्या होत्या.

‘अहो, तुमच्याकडे काही मेलंय का? आईंना दोनदा विचारलं. त्या म्हणतात, काही नाही!’

मी आत धावले. आई बाल्कनीत पाटावर बसून लसूण सोलत होती. गाणं गुणगुणत होती. तिच्या डोक्याच्या उंचीवर पिशव्या लोंबत होत्या, काळपट, बुळबुळीत, माश्यांनी भरलेल्या. खालच्या टोकांतून तपकिरी पाणी थेंब थेंब तिच्या पाटाशेजारी पडत होतं.

‘आई, काय घातलंस यांच्यावर?’

‘खत घातलं,’ ती खुशीत म्हणाली. ‘बांगरं धुतल्याचं पानी. तुजी काफी घालून काय व्हतंय? आमी नारलाला, शेवग्याला तेच घालतो. बग कसा जोर धरतील ते.’

आमच्या मोऱ्याच्या घरामागे हे रोजचं होतं. बांगडे धुवा की बोंबील, ते पाणी मोरीत कधी जायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी जायचं. नारळ त्यावर पोसले, शेवगा पोसला, आम्हीही त्याच सावलीत पोसलो. अळंबीला ताकदीचं खत लागतं, कॉफीसुद्धा खतच, मग आपल्या घरचं खत काय वाईट? तिच्या बाजूने सगळं बरोबर होतं. पण ते पाणी दिवसचे दिवस पेंढ्यात मुरत होतं, आणि ही तिथे बसून लसूण सोलत होती.

‘तुला वास येत नाही का?’ मी ओरडले. रागात माणूस म्हणतं तसं म्हटलं. मला उत्तर नको होतं.

आईने माझ्याकडे बघितलं. दारातून डोकावणाऱ्या काकूंकडे बघितलं, त्यांच्या नाकावरच्या पदराकडे बघितलं, मग पिशव्यांकडे. तिचा चेहरा परीक्षेत प्रश्न न कळलेल्या पोरीसारखा झाला.

‘येतं ना,’ ती म्हणाली. ‘जरासा येतं.’

‘कसला?’

तिने थोडा विचार केला. ‘काफीचा.’

बुरशी धरलेला साठा मी कधीच फेकला होता; त्या दिवशी घरात कॉफीचा कणही नव्हता. आठवडाभर मी दुकानाकडे गेलेच नव्हते.

काकूंना मी कसंबसं परत पाठवलं. पिशव्या दुहेरी गुंडाळून खाली कचऱ्याच्या पिंपापर्यंत नेल्या, दोनदा उलटी होता होता राहिली. आई मागून लसणाची परडी हातात धरून बघत राहिली.  

रविवारी सकाळी मी फिनेल टाकून बाल्कनीची फरशी घासत होते. आई उंबऱ्यावर येऊन बसली.

‘करोनात गेला वास,’ ती म्हणाली. ‘समद्यांचा गेलेला. समद्यांचा आला. माजा नाय आला.’

मी ब्रश थांबवला नाही. थांबवला असता तर तीही थांबली असती.

कुणालाही न सांगता ती तशीच बाजारात बसत होती. डोळ्यांनी बघायची, बोटांनी दाबायची, सवयीवर निभावून न्यायची. पण बर्फातल्या माशाचा डोळा मेल्यावरही चकाकतो, आणि कोळंबीला, सुकटीला नाकच लागतं. शेजारणींना कळू नये म्हणून ती त्या करतात तसा मासा नाकाशी नेऊन परत ठेवायची. नाटक. मग एकदा तिने एका गिऱ्हाईक बाईला कोळंबी दिली. तीस-पस्तीस वर्षं तिच्याचकडे घेणारी बाई, तिच्या लेकीच्या डोहाळजेवणाला आईने पापलेटं पाठवलेली.

‘आजची हाय, असं बोलली मी. माज्या तोंडानी बोलली. दुसरे दिशी ती आली, पिशवी माज्या पाटीवर ठेवली नि गेली. काय बोलली नाय. शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं. शेजारनीनं पिशवी उघरली नि तोंड फिरवलं. मी हुंगून बगितलं, मना कायच नाय आलं.’

त्यानंतर तिचा गुडघा दुखायला लागला.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘काय सांगू? कोलनीचं नाक गेलं म्हनून सांगू?’

आणि कॉफी? ते मी विचारलंच नाही, तिनेच सांगितलं. या घरात येणाऱ्या सगळ्या वस्तूंत कॉफीचा वास सगळ्यांत दांडगा असावा असं तिला लोकांच्या चेहऱ्यावरून वाटलं होतं. माझ्याबरोबर लिफ्टने वर आलेली माणसं आमच्या दारावरून जाताना म्हणायची ना, वा, कॉफी! म्हणून ती रोज पिशवीत तोंड घालून बघायची, आज येतोय का. आला असता तर त्या दिवशी मोऱ्याला गेली असती.

मी फरशी घासत राहिले. घासून झालेला कोपराही परत घासला. मला रडू आलं ते फिनेलमुळे, असं आम्ही दोघी धरून चाललो.

एक सांगायला हवं. लहानपणी मी शाळेत जायच्या आधी हातांना लिंबू चोळायची. आईच्या पाटीला हात लावला की बोटांना वास राहायचा आणि वर्गात पोरी बाक सरकवायच्या. पुढे कॉलेजात गेले, नोकरीला लागले, आईची बोली सुटली, खारघरला घर घेतलं, ते सगळं त्या एका वासापासून लांब जाणंच होतं. मी लांब जाऊ शकले, कारण आई त्या वासात बसून राहिली. आणि आता तिचाच तो गेला होता. तो मिळाला तर तिला परत हवा होता, आणि मी तो तिला कुठून आणून देणार होते!

तिला नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. ते भले गृहस्थ होते, खोटं बोलले नाहीत. फार काळ गेलाय, येईल असं सांगता येत नाही, म्हणाले. येताना रिक्षात आई बाहेर बघत होती. मी तिचा हात धरला तर तिने धरू दिला.

पौर्णिमेच्या आधी भावाचा फोन आला. आईने स्पीकर लावायला सांगितला.

‘तुजे बायकोला बसव जागेवर,’ ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, ‘तिला कवा जमलंय? आये, तू ये ना. कनाला नाय येत?’

आईने माझ्याकडे बघितलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिची अब्रू माझ्या हातात आहे. मी फोन जवळ ओढला.

‘अरे, गुडघा परत धरलाय तिचा,’ मी म्हणाले. ‘चांगलाच धरलाय. डॉक्टरने बसू नको म्हणून सांगितलंय.’

‘हां,’ आई म्हणाली, ‘गुरघा.’ आणि उठून चहा टाकायला गेली.

आम्ही नव्या पिशव्या भरल्या. काय करणार, बियाणं मागवून ठेवलेलं होतं. कॉफी मात्र आता मापात आणते. ऑफिसला निघण्याआधी पिशव्या हुंगायचं काम माझ्याकडे आलं. चांगल्या पिशवीला ओल्या पेंढ्याचा, नुकत्या उकरलेल्या मातीचा वास येतो, बिघडलेली आंबते. आई मागे उभी राहून विचारायची, ‘कसा येतं?’ मी पायात चप्पल सरकवत म्हणायची, ठीक आहे. तिचं त्यावर समाधान व्हायचं नाही.

होड्या निघाल्यानंतर एका सकाळी मोऱ्याहून खारघरला येणाऱ्या कुणा ओळखीच्याबरोबर भावाने बर्फातला डबा पाठवला. त्यात बांगडे होते. वर निरोप, की त्याची बायको पहिल्यांदा खांबाशी बसली, आणि हे तिने स्वतः निवडून आईसाठी काढून ठेवलेत. आईने डबा ओट्यावर ठेवला. एक बांगडा उचलला, डोळा बघितला, कल्ला उघडला, पोट दाबलं. मग सवयीने नाकाशी नेला आणि तिथेच थबकली. मी ऑफिसची बॅग खांद्याला लावलेली. बांगडा धरलेला तिचा हात वळला आणि माझ्या तोंडासमोर आला.

‘हुंग,’ ती म्हणाली. ‘तिला कलतं का बगू.’

मी बॅग खाली ठेवली आणि हुंगलं.

‘ताजा आहे.’

‘तसं नको. कसा येतं ते सांग.’

मला सांगता येईना. आयुष्यभर ज्या वासाकडे पाठ केली त्याचे शब्दच माझ्याकडे नव्हते. मी डोळे मिटून परत वास घेतला. होडी लागली की सकाळी धक्क्यावर ओले दोर पडलेले असतात, त्यांचा वास होता. आईच्या जुन्या पाटीच्या बांबूचा होता. मिठाचा होता, आणि त्याखाली कापलेल्या काकडीसारखा काहीतरी हिरवा, गार. जमेल तसं, अडखळत, मी ते तिला सांगत गेले. ऑफिसच्या बसची वेळ टळून गेली. आई ओट्याला टेकून उभी होती, डोळे मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, आणि माझ्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होती.

‘आंबूस नाय ना?’

‘नाय, आये,’ मी म्हणाले. ‘ताजा हाय.’

‘मंग बसू दे तिला,’ ती म्हणाली, आणि डब्यातला दुसरा बांगडा काढून माझ्या नाकाशी धरला.